मुंगी वर कशी आली

मधू, काल तुझ्या घरी माझ्या हातून एक गाढवपणा झाला. तू असतास तर महिनाभर पुरवून पुरवून हसला असतास, म्हणून आधी तोच सांगतो.

हेंद्रेपाड्याच्या तुझ्या त्या हॉलमधलं सामान गच्चीत हलवून तुला मधोमध ठेवलं होतं. पांढरी चादर, उशाशी मेणबत्त्या. भन्तेजींचं त्रिसरण चालू होतं. माणसं ओळीनं येत होती, पायांवर फूल ठेवून, हात जोडून पुढे सरकत होती. माझी पाळी आली. माझ्याही हातात फूल होतं. पण मी पायांकडे न जाता उशाकडे गेलो, वाकलो आणि तर्जनीच्या टोकानं तुझ्या पापणीचे केस हलकेच हलवून पाहिले.

शालूवहिनींनी मान वर केली. "काय झालं, भावजी?"

"डास होता," मी म्हणालो.

अंत्यदर्शनाला येऊन मयताचे डास वारणारा मी बदलापुरातला पहिलाच इसम असेन. मागं कोणीतरी खोकलं, की हसलं, कोण जाणे. आमची सुमन भिंतीशी बायकांत बसली होती, तिनं नुसतं पाहिलं. फूल हातातच राहिलं. ते शर्टाच्या खिशात घालून मी घरी आणलं. आत्ता समोर आहे, वाळलंय.

पण ही खोड मला लावली कोणी? तूच ना? माणूस पुरता झोपला की नाही, हे पापणीला बोट लावून बघायचं. हलली तर अजून आहे, नाही हलली तर गेला. हे 'गेला' तू इतक्या सहज म्हणायचास, की जसा काही माणूस कल्याणला गेलाय.

कुळगावच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. तू भुलीचा डॉक्टर झालास, मी अंबरनाथच्या एका फॅक्टरीत स्टोअरकीपर. तू स्कूटरला ती काळी बॅग अडकवून सकाळी उल्हासनगर, दुपारी अंबरनाथ, संध्याकाळी बदलापूर असा हिंडायचास. प्रत्येक नर्सिंग होमला तू हवा असायचास आणि पेशंटला मात्र तुझं नावही कळायचं नाही. कापलं कोणी ते लोक जन्मभर सांगतात, झोपवलं कोणी ते विसरतात. तुझ्या शर्टाला कायम एक गोडसर वास यायचा. तू आलास की आमची मनी म्हणायची, "मधूकाकाला झोपेचा वास येतो."

मनी पाचेक वर्षांची असतानाची गोष्ट. पंच्याऐंशीच्या आसपास असेल. तिच्या टॉन्सिल्सनी आमच्या घरात कोणाला सुखानं जेवू दिलं नव्हतं. शेवटी उल्हासनगरच्या एका सिंधी सर्जनकडे ऑपरेशन ठरलं. भूल अर्थातच तू देणार. आदल्या दिवशी तू घरी आलास आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणालास, "बाळ्या, तू आत यायचंस."

मला वाटलं, चेष्टा करतोयस. फॅक्टरीत कोणाचं बोट चेपलं तरी फर्स्ट एडच्या खोलीत आधी मला झोपवावं लागायचं. सुमन पुढं झाली. "मधूभावजी, मी येते. ह्यांना नका नेऊ. ह्यांना तिथं कोण सांभाळणार?"

"एकालाच आत घेतो, वहिनी. आणि ती झोपते कोणाकडे?"

मनी झोपायची माझ्याकडे, माझी गोष्ट ऐकत. गोष्ट एकच. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतीवरच्या दगडी हत्तीच्या कानात एक मुंगी राहत असते. तिचं नाव चिमी. तिला गाभारा बघायचा असतो. गाभारा खाली, पायऱ्या उतरून जायचं. चिमी निघते. एका पायरीवर ऊन संपतं. एका पायरीवर पाय गार पडतात. एका पायरीवर घंटेचा आवाज वरच राहतो. पुढच्या पायरीवर आपले पाय दिसेनासे होतात. मी अशा हव्या तेवढ्या पायऱ्या काढायचो, कारण मनी मध्येच कुठंतरी झोपायची. दुसऱ्या दिवशी चिमी पुन्हा हत्तीच्या कानात. ती वर कशी आली, हे ना मनीनं कधी विचारलं, ना मी कधी रचलं. गरजच पडली नव्हती.

तर ती गोष्ट घेऊन मी ऑपरेशन थिएटरात शिरलो. हिरवा झगा, हिरवी टोपी. सर्जननं मला बघून कपाळाला हात लावला. "अरे यार डॉक्टर, ये फिर तेरा नया चक्कर! बाप गिर जायेगा तो उसको कौन उठायेगा? मैं बच्ची को देखूं या इसको?"

"गिरेगा तो गिरने दो साहब, नीचे ही गिरेगा," तू म्हणालास.

तुझी ही पद्धत त्या भागात कोणालाच पसंत नव्हती. दारातूनच मूल ओढून घ्यायचं, आईबापाला बाहेर ठेवायचं, आत काय होतं ते त्यांना कळू द्यायचं नाही, अशीच सगळीकडे रीत. तू मात्र मूल बापाच्या किंवा आईच्या मांडीवरच झोपवायचास आणि झोपल्यावर टेबलावर घ्यायचास. मला स्टुलावर बसवलंस, मनीला माझ्या मांडीवर. हळूच कानाशी म्हणालास, "नीट ऐक. ती धडपडेल. डोळे फिरतील, घोरल्यासारखं होईल. घाबरायचं नाही. आणि गोष्ट थांबवायची नाही. डोळे मिटले तरी सांगत राहायचं. कान सगळ्यात शेवटी झोपतात."

ऐकलं सगळं. पण ऐकणं वेगळं रे.

चिमी निघाली. तू तो काळा रबरी मास्क मनीच्या तोंडाजवळ धरलास. पहिल्यांदा लांब, मग जवळ. "बाबा, मधूकाकाचा वास," ती म्हणाली आणि हसली. ऊन संपलं. पाय गार पडले. मग मास्क चेहऱ्यावर बसला आणि ती हसायची थांबली. तिनं मान फिरवली. तुझा तळहात तिच्या डोक्यामागं होता. तिनं हात वर केला, तर तो मी धरला, कारण तू मला तसं सांगितलं होतंस. ती सोडवायला बघत होती आणि मी धरून होतो. आणि मधू, ती माझ्याकडेच बघत होती. मला सोडवा म्हणून मलाच सांगत होती. मास्कमुळे आवाज येत नव्हता, नुसते डोळे. मी तोंडानं म्हणत होतो, घंटेचा आवाज वरच राहिला, आणि हातांनी माझ्या पोरीला जखडून ठेवत होतो.

मग ते डोळे माझ्यावरून सुटले. वर गेले. पांढरं दिसायला लागलं. घशातून एक आवाज आला, तो पाच वर्षांच्या मुलीचा नव्हता, कुठल्या तरी म्हाताऱ्या माणसाचा होता. माझा अंगठा पकडलेली मूठ उघडली. आणि ती जड झाली. झोपलेली मनी मी रोज उचलायचो, तिचं वजन मला ठाऊक होतं. हे ते नव्हतं. विहिरीतून ओढून काढलेल्या चादरीसारखं काहीतरी माझ्या मांडीवर होतं.

तू पापणीला बोट लावलंस.

"गेली," म्हणालास.

तिला उचलून टेबलावर ठेवलंस आणि तुझ्या हातातला तो काळा फुगा भरायला लागला, रिकामा व्हायला लागला. म्हणजे तिचा श्वास आता तिच्याकडे नव्हता, तुझ्या मुठीत होता. मी उभा होतो. गोष्ट केव्हा थांबली ते मला कळलंच नव्हतं.

"बाळ्या, जा आता बाहेर."

"मधू, कुठं गेली ती?"

"बाहेर जा!"

बाहेर बाकावर सुमन. "झोपली?"

"हो."

"रडली का?"

"छे. हसत झोपली."

सुमननं माझ्या अंगठ्याकडे बघितलं. त्यावर चार नखं उमटली होती. ती पदराचं टोक तोंडात धरून दाराकडे बघत बसली. तिनं ते पाहिलं नव्हतं, म्हणून ती जास्त घाबरली होती. मी पाहिलं होतं, म्हणून मी. दोघांनी एकमेकांना काही सांगायची सोय नव्हती.

एवढ्यात एक सिंधी म्हातारी माझ्यासमोर येऊन हात जोडून उभी राहिली. "डॉक्टर साब, मेरी बहू?" टोपी-झगा अंगावरच राहिला होता माझ्या. "सब ठीक है, माताजी," मी म्हणालो. ती आशीर्वाद देत गेली. त्या दिवशी मी कोणालाही काहीही सांगितलं असतं.

आणि मग मला चिमी आठवली. ती खालीच होती! अगदी शेवटच्या पायरीवर, अंधारात, आणि तिला वर आणायला माझ्याकडे गोष्टच नव्हती. हसू नकोस. मी शिकलेला माणूस, रोज पेपर वाचणारा. पण त्या बाकावर माझी खात्रीच झाली की मुंगी खाली राहिली तर मनी पण राहणार. मी रचायला लागलो. आधी तिला भिंतीवरून चढवलं, पण भिंत शेवाळलेली, घसरली. मग देवाला घालायला पाण्याची कळशी घेऊन एक बाई खाली आली. पाणी सांडलं, बाईची टाच ओली झाली, चिमी त्या ओल्या टाचेला चिकटली. बाई पायऱ्या चढली. टाच वाळायच्या आत उन्हात आली. मी हे ओठातल्या ओठात पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

"काय पुटपुटताय?" सुमननं विचारलं.

"स्तोत्र."

"तुम्हाला कुठलं स्तोत्र येतं?"

दार बंद होतं, मधू. हे मी तुला पुढं शंभरदा सांगितलं. जाड, लाकडी, आतून कडी.

मनी शुद्धीवर आली, रडली, रक्त थुंकली, पुन्हा झोपली, उठली. संध्याकाळी तू तिला आइस्क्रीम आणलंस. मी चमच्यानं भरवत होतो. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज नव्हताच, नुसता वारा. म्हणाली, "बाबा, ती बाई चिमीला कुठं सोडून गेली?"

"कुठली बाई?"

"टाच ओली होती ती."

आइस्क्रीम माझ्या पँटवर पडलं. तू खिडकीशी सिगरेट ओढत होतास. मी तुझ्याकडे बघितलं, तू खांदे उडवलेस.

तेव्हापासूनचं आपलं भांडण. तू म्हणायचास, तूच आधी कधीतरी सांगितली असशील. मी म्हणायचो, नाही रे, त्याच दिवशी रचली. मग तू म्हणायचास, दारावर झरोका आहे, आवाज आला असेल. मी म्हणायचो, तू तिच्या डोक्याशी होतास, तुला आला का? "माझं लक्ष कामात होतं." सिस्टरला विचारलं, तीही नाही म्हणाली. "मग सुमनवहिनींनी सांगितलं असेल." सुमनला मी स्तोत्र सांगितलं होतं! अशा वेळी तू चिडायचास. तुमच्या घरात छप्पन साली तुझ्या वडिलांनी देव्हारा उतरवला, त्याचा तुला केवढा अभिमान. "हे असलं माझ्यासमोर बोलत जाऊ नकोस, बाळ्या. मी रोज माणसं झोपवतो आणि उठवतो. मध्ये काही नसतं."

"मग ती गेली म्हणालास, ती कुठं गेली होती?"

"माहीत नाही."

"म्हणजे मध्ये काहीतरी असतं."

"म्हणजे मला माहीत नाही!"

पण खरं भांडण होतं ते वेगळंच. त्यानंतर कितीतरी महिने मनी दुपारची झोपली की मी जाऊन तिच्या पापणीला बोट लावायचो. ती हलायची, वैतागून कूस बदलायची, आणि मी परत येऊन बसायचो. पाच मिनिटांनी पुन्हा. सुमन म्हणायची, "अहो, मुलगी आहे ती, बटण नाही." मला सारखं वाटायचं, आत नेली ती ही नाही. किंवा हीच आहे, पण तिनं माझे हात लक्षात ठेवलेत. एकदा मी तुला सांगितलंच. शिवमंदिराजवळच्या त्या हॉटेलात, भज्यांची बशी मधे. म्हणालो, आईबापांना आत घेत जाऊ नकोस. मुलं विसरतात, आम्ही नाही विसरत.

तू एक भजं मोडलंस. मग म्हणालास, "मी सात वर्षांचा असताना हर्नियाचं ऑपरेशन झालं. सरकारी दवाखाना. आईला गेटवर थांबवलं. चौघांनी मला दाबून धरलं, चौघांपैकी कोणाचाच चेहरा मला माहीत नव्हता. मी पण विसरलो नाही. कोणीतरी एकानं लक्षात ठेवायचंच असेल ना बाळ्या, तर ते मोठ्यानं ठेवावं."

मी दुसरी प्लेट मागवली. तुला तेव्हा थँक्यू म्हणायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं. तुझं बरोबर होतं. मनीला आज काही म्हणजे काही आठवत नाही. ना मास्क, ना माझे हात. चिमीची बाईसुद्धा नाही. "बाबा, तुम्ही गोष्टी फार वाढवता," म्हणते. नखं उमटली ती माझ्या अंगठ्यावर, तिच्या मनावर नाही. एवढ्यासाठी तुझ्यावर रागावून राहिलो इतकी वर्षं.

आणि मग तुझीच पाळी आली. हृदयाचं ऑपरेशन, मुंबईचं मोठं हॉस्पिटल. शालूवहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. स्ट्रेचरवर तू हिरव्या टोपीत पडलेला, टोपी उलटी घातलेली, आणि हजारो माणसं झोपवलेला तू माझा अंगठा धरून म्हणालास, "बाळ्या, आत घेणार नाहीत तुला. इथं रीत नाही."

"मी बाहेर बसतो."

"नुसता बसू नकोस. सांग. चिमीची. आणि वर यायचं नवीन रच, टाचेचं झालंय. देवबिव नको त्यात. कोणाला सांगायचं नाही, सुमनवहिनींना पण नाही. मी उठलो की तुला सांगतो, ती कशी वर आली. नाही सांगता आलं, तर मी जिंकलो. एकदा खात्री करून टाकू."

"आणि सांगता आलं तर?"

तू हसलास. "रडू नकोस. नाहीतर सर्जन म्हणेल, बाप गिर जायेगा."

दार बंद झालं. काचेचं होतं, पण पुसट काचेचं. बाकावर मी आणि एक घोरणारा माणूस. सुमन त्या दिवशी बदलापुरातच होती. मी सुरुवात केली. हत्तीचा कान, ऊन, गार पाय, घंटा. चिमी अगदी खाली पोचली, तर काय, गाभाऱ्यातला बल्बच उडालेला. मिट्ट काळोख. चिमी एका जागी बसून राहिली. मग वरून चपलांचा आवाज. अंबरनाथचा वायरमन, शिव्या देत, खिशात नवा बल्ब. चिमी त्याच्या पँटच्या दुमडीत चढली. वायरमननं चाचपडत जुना बल्ब काढला, नवा लावला, लख्ख उजेड पडला, आणि तो वर निघाला. दुमडीत बसून चिमी ऊन लागेपर्यंत आली. देव नाही, टाच नाही. तुझ्यासाठी मुद्दाम सरकारी माणूस घातला होता. हे मी आज पहिल्यांदाच कागदावर उतरवतोय. आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, पैजेची अट होती.

ऑपरेशन नीट झालं म्हणाले. पण तुझं हृदय दमलं होतं, ते काही पुन्हा उभारी धरेना. तू डोळे उघडलेस असं झालंच नाही. आम्ही आळीपाळीनं उशाशी बसलो. मी, शालूवहिनी, सुमन. मी असताना तू एक अक्षर बोलला नाहीस. मी वाट बघत होतो, मधू. पैज हरलो तरी चाललं असतं. आणि तू गेलास. या वेळी कल्याणला नाही.

म्हणून ते पापणीला बोट. अजून हलते का, एवढंच बघायचं होतं. नाही हलली.

काल तुझ्याकडून निघालो तेव्हा ऊन कलत होतं. हेंद्रेपाड्यापासून घरापर्यंत आम्ही दोघं चालतच आलो. मला वाटलं, सुमन आता डासाबद्दल ऐकवणार. चौकात आल्यावर ती थांबली, चप्पल काढून खडा झटकला आणि म्हणाली, "तुम्हाला सांगायचं राहिलंच. मी बसले होते ना त्या दुपारी, तेव्हा मधूभावजी एकदा बोलले. डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, 'वहिनी, बल्ब लावला का त्यानं?' मी वॉर्डबॉयला हाक मारून दाखवलं पण, तर खोलीतला दिवा चांगला चालू होता. अहो, कुठल्या बल्बचं म्हणत होते हो ते?"